‘उघडीप’मधला खोकला

भास्कर, कावळा इतक्या लवकर शिवेल असं मला वाटलं नव्हतं.

दहाव्याला गोदाकाठी पिंड मांडला तेव्हा मी मुद्दाम पुढे जाऊन उभा राहिलो होतो. माझा बेत सोपा होता. तू हट्टी माणूस, कावळा तासभर तरी खोळंबणार. नातेवाईक एकेक करून पुढे होणार, धाकट्याचं लग्न करू, विहिरीचं काम पुरं करू, असं काहीबाही कबूल करणार. सगळे थकले की मी हळूच वाकून एवढंच म्हणणार, “भास्कर, तो कांदा आप्पांनी रागानं नाही काढला. मी काढायला लावला.” मग कावळा शिवणार. वाक्य मी रिक्षात पाठ करत आलो होतो. आणि गुरुजी हात धुऊन मागे सरकतात न सरकतात तोच कावळा उतरला, भात उचलला आणि गेलासुद्धा. सगळ्यांनी समाधानानं हात जोडले. “काही म्हणजे काही इच्छा राहिली नव्हती हो,” तुझा मावसभाऊ म्हणाला. मी उघड्या तोंडानं तसाच उभा. आयुष्यभर तू एक मात्रा आधी यायचास आणि वर मलाच म्हणायचास, “मधू, तू मागं राहिलास.”

राहिलो मागं. आता लिहून सांगतो.

आपल्या बॅण्डची ‘उघडीप’ ही तबकडी पुन्हा निघतेय हे तू जाण्याआधी तुला कळलं, तेवढं बरं झालं. ती काढणारी पुण्याची सायली तू गेल्यावर चौथ्या दिवशी फोनवर म्हणाली, “काका, कव्हरच्या आत भास्करकाकांवर तुमचा लेख हवा. तुम्ही पहिल्यापासून होतात.” मी म्हटलं, प्रल्हादही होता. ती म्हणाली, “प्रल्हादकाका म्हणाले, मधूला विचारा, तो एकच गोष्ट चांगली सांगतो.”

प्रल्हाद काय म्हणाला ते मला बरोबर समजलं. तीच गोष्ट मी लिहायला बसलो. आप्पांना, म्हणजे तुझ्या वडिलांना, आपलं वाजवणं डोळ्यांत खुपत होतं; म्हणून गणपतीत आपल्यापैकी कुणी तिथं नसताना त्यांनी रागानं सगळा कांदा विकला आणि कांदा साठवायची चाळ रिकामी केली; आणि तू त्याच रिकाम्या चाळीत उभा राहून तबकडीची दुसरी बाजू वाजवलीस. ही गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून इतक्यांदा मान डोलावली, की पेन आपोआप चालत होतं. ‘आप्पा हातात काठी घेऊन दारात उभे होते’ या वाक्याशी आलो आणि थांबलो. कारण ती काठी आप्पांच्या हातात मी दिली होती. नाशिकला एका कार्यक्रमात तू गोष्ट सांगताना मध्ये अडलास, माझ्याकडे पाहिलंस, आणि मी म्हणालो, “काठी होती ना त्यांच्या हातात.” लोक हळहळले. पुढच्या वेळेपासून काठी कायमची झाली. आप्पांनी आयुष्यात कधी काठी वापरली नाही. म्हशीलासुद्धा ते तोंडानंच हाकायचे.

पान फाडलं. नवं घेतलं. ते हे.

ज्यांना आपण कोण हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल, तेवढं सहन कर.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तू मुंबईत दोन वर्षं नोकरी करून सायखेड्याला परत आलास तो खांद्यापर्यंत केस, एक विजेची गिटार आणि एक जुनी बास घेऊन. बास मला दिलीस, कारण तिला चारच तारा होत्या आणि तुझ्या मते मला तेवढ्या झेपल्या असत्या. मी तेव्हा नाशिकला कांद्याच्या अडतीत कारकून होतो. प्रल्हाद सरकारी कचेरीत होता आणि त्यांच्या वसाहतीत भीमजयंतीच्या कार्यक्रमात ढोलकी वाजवायचा. त्याच्या ढोलकीला तू एका ताशाची आणि रॉकेलच्या दोन रिकाम्या डब्यांची जोड दिलीस. चौथे युसूफभाई. लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरनेट वाजवायचे, आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. “तुमच्या तुळशीच्या लग्नापर्यंत मी मोकळा,” असं म्हणून ते आले. आपले मुहूर्त त्यांच्याइतके पाठ असलेला माणूस मी पाहिला नाही. तुमच्या शेताकडे वळायचा रस्ता तिसऱ्या फाट्यावर होता आणि प्रत्येक जण दुसऱ्यावरच वळून चुकायचा, म्हणून बॅण्डचं नाव ठेवलं ‘तिसरा फाटा’.

तुझं म्हणणं होतं की तुझ्या आईची जात्यावरची चाल, प्रल्हादची ढोलकी, वरातीचं क्लॅरनेट आणि तुझी गिटार या चार वेगळ्या गोष्टी नाहीतच, त्यांना कुणी एकत्र बसवलं नाही इतकंच. बसवायला गेल्यावर पहिली अडचण तिथंच आली. युसूफभाई बसेनात. त्यांना उभं राहूनही वाजवता येत नव्हतं. सगळं आयुष्य वरातीत चालत वाजवलेलं. पाय थांबले की त्यांचा सूर फाटायचा. तू स्टूल पुढे केलंस तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू सापच आहे. म्हणाले, “भास्करभाई, बॅण्डवाला बसला म्हणजे नवरदेव पळाला असं समजायचं. मला बसवू नका.”

म्हणून लांब जागा हवी होती. म्हणून चाळ.

तुमच्या शेतातलं जुनं गुऱ्हाळ बंद पडल्यावर त्या इमारतीत आप्पा उन्हाळ कांदा साठवायचे. तीन बाजूंना दगडी भिंती, समोर बांबूच्या फटी, वर पत्रा, आणि आत दोन्ही हातांना छातीभर उंच कांदा. मधून चालायला एक बोळ. बोळाच्या मध्यावर आढ्याला आपला एकुलता एक माइक टांगला होता. युसूफभाई या टोकाकडून त्या टोकाला वाजवत जायचे, वळायचे, परत यायचे. तबकडीवर क्लॅरनेट लांबून येतं, कानाशी येतं आणि निघून जातं. पुढे एका जाणकारानं लिहिलं की हे येणं-जाणं म्हणजे स्मृतीचं येणं-जाणं आहे. युसूफभाईंना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बराबर आहे. पण वळताना कांद्यावर पाय पडायचा, ते पण लिहा म्हणावं.”

कव्हरवरच्या फोटोत आपल्या चौघांच्या डोळ्यांत पाणी आहे ते त्यामुळेच. चिरडलेल्या कांद्याच्या वासात चार तास उभं राहिल्यावर काढलेला फोटो आहे तो. ‘एका पिढीची ठसठसणारी वेदना’ असं त्याबद्दलही कुणीतरी लिहिलं आणि तू ते कात्रण पाकिटात ठेवलंस.

वाजवायचं कधी, तर रविवारी, कारण प्रल्हादची कचेरी. पाऊस नसताना, कारण वर पत्रा. लाइट असताना, कारण तुझी गिटार एका जुन्या रेडिओत घुसवलेली. आणि विहिरीवरची मोटर बंद असताना, कारण तिची घरघर माइकमध्ये यायची. उघडिपीचा, लाइट असलेला रविवार पावसाळ्यात किती येणार? आला की आप्पा सकाळीच मोटर बंद करायचे आणि चाळीच्या दारात येऊन सांगायचे, “वाजवा. पर कांद्यावर बसायचं नाय.” त्यांची तेवढीच अट होती. पिकाचं पाणी थांबवून आपल्याला शांतता देणारा माणूस, भास्कर. तुझ्या गोष्टीत मोटर कधी आली नाही. मीही आणली नाही.

तबकडीचं नाव ‘उघडीप’ ठेवलं ते या रविवारांवरून. त्यात गहन काही नव्हतं. गहन ते नंतर झालं, आणि ते माझ्यामुळे झालं. तेच सांगायचं आहे.

श्रावण संपेपर्यंत पहिल्या बाजूची चार गाणी झाली होती. कांद्यानं गच्च भरलेल्या चाळीत आवाज कुठं फिरतच नसे. ढोलकी वाजायची ती जणू उशीखाली. मला ते आवडायचं, कारण माझ्या चुका त्या उशीत जिरायच्या. तुझ्या कानातून मात्र काही जिरलं नाही. चौथं गाणं तू मला अकरा वेळा वाजवायला लावलंस. बाराव्या वेळी गिटार खाली ठेवलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, “मधू, तू चांगलं वाजवतोस. फक्त आमच्याबरोबर वाजवत नाहीस.”

प्रल्हाद हसला. युसूफभाईंनी क्लॅरनेट पुसायला घेतलं. मग तू आणखी पुढे गेलास. “दुसऱ्या बाजूला बास नकोच. युसूफभाई डबल फेऱ्या मारतील.”

“मग मी काय करू?”

“तू टेप सांभाळ. तुझ्या सासऱ्याचाच हाय ना?”

होता. माझं लग्न ठरलेलं होतं आणि तो स्पूलचा टेपरेकॉर्डर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा होता. ते निवृत्त मुख्याध्यापक. स्वतःची भाषणं स्वतः ऐकायला त्यांनी तो घेतला होता, आणि मला त्यांनी तो जावई म्हणून नाही, बॅण्डमधला वादक म्हणून दिला होता. मी सायकल काढली आणि निरोप न घेता निघालो. दुसऱ्या फाट्यावर चुकीचा वळलोही.

गणपती बसले. युसूफभाईंना मिरवणुकींची कामं होती, म्हणून आपण पंधरा दिवस थांबलो आणि तू तबकडी काढणारी कंपनी शोधायला मुंबईला गेलास. त्याच पंधरा दिवसांत आप्पा एकदा आमच्या अडतीत आले. नाशिकला आले की ते येऊन बसायचे, चहा घ्यायचे आणि विचारायचे, “काय म्हणतंय मार्केट?” दरवर्षी विचारायचे आणि मी सांगीन तसं करायचे. कांदा दिवाळीपर्यंत हलवायचा नाही असं त्या वर्षी मीच त्यांना आखाडात सांगितलं होतं.

त्या दिवशी मी चहाचा कप ठेवला आणि म्हणालो, “आप्पा, थांबू नका. दक्षिणेचा माल येतोय. भाव पडणार.”

असला कुठलाही माल येत नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच होतं की कांदा गेला की माणसं, गाड्या, पोती, सगळा गोंधळ होईल, तुझी दुसरी बाजू तिथंच अडेल, आणि आहे तेवढीच तबकडी निघेल. ज्यात मी आहे तेवढीच.

आप्पांनी चहा संपवला, टोपी नीट केली. मग म्हणाले, “तू म्हणतो तर काढतो.”

आठवड्यात चाळ रिकामी.

पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. आपण आलो, तू दार ढकललंस आणि आत फक्त टरफलं. तू आप्पांना विचारलंस, “कांदा का काढला?” ते म्हणाले, “माझा कांदा, मी काढला.” मी तुझ्या मागे दोन पावलांवर उभा होतो. आप्पांनी तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तुझ्याकडे पाहिलं. मी बोललो असतो तर तेव्हाच. मी बासची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

त्यांच्याकडे पाठ फिरवून तू आम्हाला म्हणालास, “ठीक आहे. रिकाम्यातच वाजवू.”

आणि मग ती दुपार. दगडी भिंतींनी प्रल्हादचा पहिला ठोका जो घेतला तो परत करायला किती वेळ लावला. प्रल्हाद दचकून थांबला आणि मागे बघू लागला, की आणखी कोण वाजवतंय. युसूफभाई चालायला लागले तर त्यांच्या पावलांचाही ताल ऐकू यायला लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःचे पाय ऐकू आले, असं ते म्हणाले. तुझी गिटार पत्र्याला लागून परत यायची. सगळं वर वर चाललेलं. तू दोन मिनिटं ऐकलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, “मधू, घे बास. खाली काहीतरी पाहिजे, नाहीतर सगळं उडून जाईल.”

एका दुपारीत अख्खी बाजू झाली. एकदाही थांबलो नाही. तू माझ्यावर एकदाही ओरडला नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्याबरोबर वाजवलं. आणि तेही त्या खोटेपणामुळे. मला पश्चात्ताप नीट करताच येत नाही तो यासाठी. करायला बसलो की ती बाजू कानात सुरू होते आणि मी मांडीवर बोटं चालवू लागतो.

शेवटचा सूर विरताना तो खोकला आला. दोनदा. कोरडा, दाबलेला. तू वैतागलास, “युसूफभाई, बिडी कमी करा.” युसूफभाईंना ते फार लागलं. “मी खोकलो असतो तर समेवर खोकलो असतो,” ते म्हणाले. खोकला कापून काढायचा तर टेप कापावी लागणार होती, आणि सासऱ्यांची टेप कापायची माझी छाती नव्हती. म्हणून तो राहिला. मुंबईच्या त्या छोट्या कंपनीनं तबकडी काढली तीही खोकल्यासकट. नंतर चाळीसएक वर्षं तुमचा हा वाद चालला. युसूफभाई गेले तेव्हा त्यांच्या घरी बसायला गेलो, तर तिथंही तू त्यांच्या मुलाला विचारलंस, “अब्बांना खोकला कधीपासून होता?”

कव्हर तयार झालं तेव्हा आभारांची यादी तू लिहिलीस. माझे सासरे, प्रल्हादचे साहेब, रॉकेलचे डबे देणारा दुकानदार. शेवटी तुमची म्हैस चंद्री, जी दर रविवारी शांत राहिली. आप्पांचं नाव नाही. मी विचारलं, तर म्हणालास, “त्यांनी काय केलं?”

दिवाळीत कांद्याचा भाव असा चढला की अडतीतले जुने लोकही गप्प झाले. मी सायखेड्याला गेलो. आप्पा गोठ्यात बसले होते. म्हणाले, “मधू, तुझा अंदाज चुकला का तू चुकवला?”

मी सगळं सांगितलं. अकरा वेळा, बारावी वेळ, टेप सांभाळ, सगळं. मला वाटलं, आता चप्पल काढतील. आप्पा हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं. “म्हंजे तुला वाजवायला मिळावं म्हणून माझी आख्खी चाळ रिकामी केली? लय भारी वाजवतो का रं तू?”

“नाही आप्पा.”

“मंग?”

मंग काय सांगणार. ते म्हणाले, “त्याला सांग.”

“सांगतो. पण तुम्हीच का नाही सांगत? तो तुमच्याशी बोलत नाही महिनाभर.”

“मी सांगितलं तर तुमचं बॅन मोडंल. माझ्याशी काय, आज नाय तर उद्या बोलंल. पोटचा हाय.”

आप्पांचा तो अंदाज माझ्या अंदाजापेक्षा जास्त चुकला. तू नऊ वर्षं बोलला नाहीस.

एका घरात, एका ताटापाटाच्या अंतरावर, नऊ वर्षं. तुमचं सगळं चंद्रीमार्फत चालायचं. मी स्वतः ऐकलंय. आप्पा गोठ्यात उभे राहून म्हणायचे, “चंद्रे, उद्या मोटर सहाला लाव म्हणावं.” तू बाहेरून म्हणायचास, “चंद्रे, सहाला लाइट नसती म्हणावं.” “चंद्रे, मंग आठाला लाव.” “चंद्रे, आठाला मी नाशिकला चाललो.” बिचारी चंद्री एकदा इकडे मान वळवायची, एकदा तिकडे. तिच्याएवढं ऐकून घेणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. सुमनवहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा पहिले दोन दिवस त्यांना वाटलं की या घरात म्हशीला फार मान आहे. आपण प्रल्हादच्या घरी बसून चंद्रीची नक्कल करायचो आणि हसून हसून लोळायचो. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो.

आणि ज्या बॅण्डसाठी आप्पा गप्प बसले तो वर्षभरही टिकला नाही. प्रल्हादची बदली झाली. युसूफभाईंचे पुढचे दोन दात गेले आणि क्लॅरनेट सुटलं. म्हणजे मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी सांगितलं नाही. दरवेळी आप्पा भेटले की विचारायचे, “सांगितलं का?” मी म्हणायचो, “सांगतो आप्पा.” पुढं पुढं ते नुसती भुवई वर करायचे. मी नुसती मान हलवायचो. माझं आणि त्यांचंही असं न बोलता चालायला लागलं होतं.

मग एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तू चितेला अग्नी दिलास आणि घरी येऊन गोठ्यात गेलास. चंद्री त्याआधीच गेली होती, तिची मुलगी बांधलेली होती. तू तिच्यासमोर बराच वेळ उभा होतास. मी दारातून पाहिलं. तू काय म्हणालास ते ऐकू आलं नाही. त्या दिवशी सांगायलाच हवं होतं, पण त्या दिवशी कसं सांगणार, असं वाटलं. नंतर वाटलं, आता सांगून काय उपयोग. या दोन वाक्यांवर मी पस्तीस वर्षं काढली.

म्हातारपणी आपल्याला अचानक चाहते मिळाले. दाढ्या वाढवलेली मुलं-मुली शोधत यायची, तिसऱ्या फाट्याऐवजी दुसऱ्यावर वळायची. एकानं लिहिलं की ‘उघडीप’ची पहिली बाजू ही कोंडलेल्या समाजाचा आवाज आहे आणि दुसरी बाजू म्हणजे मोकळं आभाळ, अशी रचना करायला द्रष्टा लागतो. द्रष्टा म्हणजे तू. तू गंभीर चेहरा करून सांगायचास, “माझ्या बापानं मला रिकामी खोली दिली. मी ती वाजवली.” टाळ्या. शेजारच्या खुर्चीत मी. वाक्य खरंच चांगलं होतं, भास्कर. आणि एका अर्थी खरंही होतं. म्हणूनच मोडवलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात आलो तो ठरवूनच. वहिनींना चहाला पाठवलं. खुर्ची ओढली. म्हटलं, “भास्कर, तुला एक सांगायचंय.”

तू नाकातली नळी बाजूला सरकवलीस आणि हात वर केलास. “थांब. आधी मी.” पुन्हा एक मात्रा आधी. म्हणालास, “मधू, मी आप्पांना माफ केलं.”

चेहरा इतका शांत होता तुझा. नऊ अधिक पस्तीस वर्षांनी तू मोठ्या मनानं एका निर्दोष माणसाला माफ केलं होतंस, आणि गुन्हेगार तुझ्या उशाशी मोसंबी सोलत बसला होता.

“बरं केलंस,” मी म्हणालो.

“तू काय सांगत होतास?”

“हेच. की माफ करून टाक.”

तू हसलास. “बघ. शेवटी तू माझ्याबरोबर वाजवलंस.” आणि मोसंबीची फोड घेतलीस. मला त्या क्षणी माझा इतका राग आला की उरलेली मोसंबी मीच खाऊन टाकली.

परवा वहिनींकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. जिथं तुझं ताट मांडलं जायचं तिथंच त्या बसल्या होत्या. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भावजी, म्हशीची नक्कल तुम्ही फार छान करायचात.” एवढंच. त्यांनी माझ्या पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाल्या, “हे मला सांगून तुम्ही सुटत नाही. ज्याला सांगायचं त्याला सांगा.”

“आता कसं सांगू वहिनी?”

“तुम्हाला लिहायची हौस आहे म्हणे.”

तर भास्कर, ते सांगून झालं. पण आणखी एक राहिलंय, आणि ते फक्त मला ठाऊक आहे.

तो खोकला युसूफभाईंचा नाही. त्या दुपारी माझं तोंड समोरच्या बांबूच्या फटींकडे होतं. तू डोळे मिटून वाजवत होतास. पहिल्या गाण्यापासून आप्पा बाहेर उभे होते. टोपी काढून हातात धरलेली. तू त्यांच्याशी बोलणं टाकल्याला जेमतेम तासच झाला होता. अख्खी बाजू संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. कांद्याच्या टरफलांची धूळ उडत होती, त्यांना खोकला येत होता आणि ते टोपी तोंडावर दाबून तो धरून ठेवत होते. गाणं संपेपर्यंत धरला. शेवटचा सूर गेला असं वाटलं तेव्हा सोडला. सूर अजून पुरता गेला नव्हता, इतकंच. मला ते दिसलं आणि मी बोललो नाही, कारण आप्पा तिथं का आले असं तू विचारलं असतंस आणि मग सगळंच निघालं असतं. त्या एका भीतीपायी मी युसूफभाईंनाही जन्मभर बिडीचा आरोप सोसायला लावला.

काल सायलीला फोन केला. नव्या कव्हरवरची नावं तिला लिहून घ्यायला सांगितली. गिटार आणि गाणं, भास्कर. ढोलकी, ताशा, डबे, प्रल्हाद. क्लॅरनेट, चालत, युसूफभाई. बास, मधुकर. ती म्हणाली, झालं? मी म्हटलं, नाही. खोकला, आप्पा.

ती म्हणाली, “काका, खोकला पण लिहायचा?”

“लिही. आणि आभारांत चंद्रीच्या वर त्यांचं नाव घे.”

तू आता त्यांच्याकडेच गेला असशील. तिथं मध्ये म्हैस आहे की नाही मला ठाऊक नाही. असलीच तर तिला त्रास देऊ नकोस, तिनं पुष्कळ केलंय. आप्पा तिथंही तुला काही सांगणार नाहीत, मी त्यांना ओळखतो. भुवई वर करून माझी वाट बघत बसले असतील. म्हणून मी हे लिहिलंय. वाचून झालं की जा आणि त्यांच्याशी बोल. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.